रीफ टाकी गार ठेवायची तर: आधी मोजा, मग पंखा, शेवटी चिलर

रीफ टाकी म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी. तिचं पाणी २५ ते २७ अंश सेल्सिअसमध्ये असावं. २८ पर्यंत बहुतेक कोरल निभावून नेतात. २९ ला हातपाय हलवायला लागायचं आणि ३० च्या वर पाणी दोन-चार दिवस राहिलं तर नुकसान धरून चालायचं. पण यातला नेमका एकच आकडा गाठण्याच्या मागे लागू नका. दिवसभरात २४ ते २८ असं वरखाली होणाऱ्या टाकीपेक्षा कायम २७ वर थांबलेली टाकी बरी. २४ तासांतला फरक एका अंशाच्या आत राहिला की काम झालं.

उष्णतेने नुकसान दोन वाटांनी होतं. कोरलच्या पेशींमध्ये झूझॅन्थेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं आणि कोरलचं बरंचसं अन्न तेच बनवतं. पाणी तापलं आणि वरून प्रकाशही जोरात असला की या शैवालाची प्रकाश पचवण्याची यंत्रणा बिघडते, घातक ऑक्सिजन संयुगं तयार होतात आणि कोरल शैवालाला बाहेर काढतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात. ऊन आणि उष्णता इथे जोडीने मारतात, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल. दुसरी वाट ऑक्सिजनची. २५ अंशांच्या समुद्री पाण्यात जास्तीत जास्त ६.७ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ६.२ च्या आसपास. फरक दिसायला किरकोळ आहे, पण त्याच वेळी मासे आणि जिवाणू जास्त ऑक्सिजन ओढत असतात आणि रात्री शैवालही तयार करायचं सोडून वापरायला लागतं. म्हणून उष्णतेत मासे दुपारी नाही, पहाटे मेलेले सापडतात.

पहिली पायरी: थर्मामीटर तपासा

काही विकत घेण्याआधी चार दिवस फक्त मोजा. काचेला बाहेरून चिकटवायची पट्टी यासाठी कामाची नाही. ती काचेचं तापमान सांगते, पाण्याचं नाही. पाण्यात बुडणारे दोन वेगवेगळे थर्मामीटर घ्या. एका ग्लासात बर्फाचा चुरा भरा, चुरा जेमतेम भिजेल इतकं पाणी घाला, ढवळत राहा आणि दोन्ही त्यात धरा. तीन मिनिटांनी ० दिसायला हवं. एखादा ०.८ दाखवत असेल तर फेकू नका, चिकटपट्टीवर "०.८ वजा" लिहून त्यालाच चिकटवा. तापमान बघून उपकरणं आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर असेल तर त्याचा प्रोबही (पाण्यात बुडणारा सेन्सर) याच ग्लासात तपासून घ्या. स्वस्तातल्या प्रोबमध्ये अंश-दीड अंशाची चूक सर्रास सापडते, आणि पुढचे सगळे निर्णय त्याच आकड्यावर होणार असतात.

दिवसातून तीन नोंदी पुरेत: दिवे लागण्यापूर्वी, दिवे मालवण्याच्या तासभर आधी आणि मध्यरात्रीच्या सुमारास. सोबत खोलीचं तापमानही लिहा. टाकी खोलीपेक्षा कायम तीन-चार अंश वर दिसली तर दोष हवेचा नाही, तुमच्याच उपकरणांचा आहे.

दुसरी पायरी: आत येणारी उष्णता कमी करा

पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज खातो तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते. २०० लिटर समुद्री पाणी एक अंशाने तापायला सुमारे ८२० किलोज्यूल लागतात. ४० वॅटचा रिटर्न पंप (टाकीखालच्या संपमधून, म्हणजे उपकरणं ठेवायच्या छोट्या टाकीतून, पाणी वर ढकलणारा) दिवसभरात साधारण ३,४५० किलोज्यूल टाकतो. म्हणजे उष्णता कुठूनच बाहेर गेली नाही, तर एकटा पंप टाकीला दिवसाला चार अंश चढवेल. जुना एसी (थेट घरच्या विजेवर चालणारा) पंप काढून तेवढंच पाणी ढकलणारा डीसी (अॅडॉप्टरवर चालणारा) पंप बसवला तर हा आकडा बरेचदा निम्म्यावर येतो. वेव्हमेकर (टाकीत लाटा करणारा पंप), स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या उपकरणाचा) पंप, रिअॅक्टरचा पंप (रिअॅक्टर म्हणजे गाळण माध्यमातून पाणी फिरवणारी नळी), सगळ्यांवरचे वॅट वाचून बेरीज करा. बेरीज बघून बहुतेकांचे डोळे उघडतात.

मग हे एकेक करून बघा. काचेचं झाकण काढा. त्याखाली दमट हवा कोंडून राहते आणि पाण्याची वाफ होणं थांबतं. मात्र टाकी उघडी सोडू नका. रॅस, गोबी, फायरफिश हे मासे उडी मारण्यात पटाईत असतात. ६ मिलिमीटरच्या आसपासच्या छिद्रांची नायलॉनची जाळी चौकटीत ताणून बसवा. संपच्या कपाटाची दारं उघडी ठेवा. एलईडी दिवा पाण्यापासून थोडा वर उचला. दिव्यांची वेळ संध्याकाळ-रात्रीकडे सरकवा, म्हणजे खोलीची उष्णता आणि दिव्याची उष्णता एकाच वेळी चढणार नाहीत. उष्णतेच्या लाटेच्या दिवसांत दिव्यांची तीव्रता २० ते ३० टक्क्यांनी कमी करा. उष्णतेने आधीच ताणलेल्या कोरलवरचा प्रकाशाचा भारही त्याने उतरतो, आणि तोच मोठा फायदा. लाट गेल्यावर तीव्रता एकदम पूर्ववत करू नका. आठवडा-दोन आठवड्यांत हळूहळू चढवा.

हीटर काढून ठेवायचा मोह होतो. काढू नका, २४.५ वर लावून ठेवा. पंख्याचा किंवा चिलरचा (पाणी गार करणाऱ्या यंत्राचा) रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद करणारा स्विच, चिकटला आणि रात्रभर पाणी गार होत राहिलं तर तोच टाकी वाचवतो. पण हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅटही चिकटू शकतो. टाकी अचानक, कारण नसताना तापली तर सर्वांत आधी हीटरचा दिवा बघा.

तिसरी पायरी: ओल्या चिंधीची चाचणी

पंखा पाणी गार करतो तो वाफेच्या जोरावर, घाम वाळताना अंग गार होतं तसा. त्यामुळे पंखा किती खाली नेईल हे पंख्यापेक्षा हवेतल्या दमटपणावर ठरतं. ते घरीच मोजता येतं आणि यातच सर्वांत जास्त पैसे वाचतात.

सुती कापडाची ५ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. थर्मामीटरच्या टोकाभोवती एकदाच गुंडाळून दोऱ्याने बांधा आणि एक टोक खाली लोंबतं ठेवून वाटीभर साध्या पाण्यात बुडवा. टाकीजवळच, अर्ध्या फुटावरून टेबलपंखा सोडा. आकडा भराभर उतरतो, मग मंदावतो. पाच-सात मिनिटांनी जिथे थांबेल तो तुमच्या खोलीचा तळ. पंख्याने कितीही जोर लावला तरी पाणी त्याच्या खाली जाणार नाही. उलट पंप आणि दिवे उष्णता टाकत असल्यामुळे टाकी साधारण दोन-तीन अंश वरच थांबेल.

तळ २२ किंवा त्याखाली आला तर पंख्यावर निर्धास्त राहा. २३-२४ आला तर पंखे जास्त लागतील, पण जमेल. २६ च्या पुढे गेला तर पंख्यांवर पैसे घालवू नका, थेट चिलरच्या पायरीवर या. चाचणी भर दुपारी करा आणि एखाद्या कुंद, दमट दिवशी पुन्हा करा. ३८ अंशांची कोरडी हवा, आर्द्रता २० टक्के, तर तळ २१ च्या आसपास येतो. ३२ अंशांची दमट हवा, आर्द्रता ८० टक्के, तर तळ २९! अंगाची लाही करणारा दिवस टाकीला सोपा जातो आणि ढगाळ, चिकचिकीत दिवस तिला मारतो. नवखे फसतात ते इथे.

चौथी पायरी: पंखा बसवणं

संगणकात असतो तसा १२ सेंटिमीटरचा, १२ व्होल्टचा पंखा चांगला. शंभर लिटरपर्यंत एक, दोनशे लिटरला दोन, या हिशोबाने सुरुवात करा. वारा पाण्यावर सरळ आपटायचा नाही, पृष्ठभागाला घासून गेला पाहिजे. पंखा पाण्यापासून ५ ते १० सेंटिमीटर वर, आडव्यापासून ३० अंश तिरका धरा. नीट बसला असेल तर पाण्यावर बारीक थरथर दिसते, थेंब उडत नाहीत. थेंब उडत असतील तर कोन बदला. पंखा उलटा बसवून हवा वर ओढायची चूक करू नका. खारट, दमट हवा मोटरमधून जाते आणि बेअरिंग लवकर खलास होतं.

संपवर पंखा लावणं दिसायला नीटनेटकं आणि आवाजालाही कमी. पण बंद कपाटात पंखा तीच दमट हवा फिरवत बसतो आणि अर्ध्या तासात त्याचा उपयोग संपतो. कपाटाच्या एका बाजूने कोरडी हवा आत यायला आणि समोरच्या बाजूने दमट हवा बाहेर जायला वाट हवी. दोन्ही भोकं निदान पंख्याच्या तोंडाएवढी ठेवा. खोलीचंही तेच. खिडकी किंवा एक्झॉस्ट नसेल तर खोलीची आर्द्रता चढत जाते, तळही वर सरकतो आणि भिंतीवर बुरशी धरते ती वेगळीच.

पंखा दिवसरात्र चालू ठेवण्यापेक्षा तापमान कंट्रोलरवर द्या: २६.५ ला चालू, २६ ला बंद. हीटर २४.५ वर असल्यामुळे दोघांत दीड अंशाची दरी राहते. ही दरी अर्ध्या अंशावर आणली तर एक तापवतो, दुसरा गार करतो आणि दोघेही रात्रभर एकमेकांशी भांडतात.

पंखा क्लॅम्पने बसवा आणि वर केबल टायने एकदा बांधा. नुसता चिकटवलेला पंखा दमटपणात सुटतो आणि पाण्यात पडतो. सगळी उपकरणं ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) असावीत. प्रत्येक वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली झोळासारखी लोंबू द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. आठवड्याला पंख्याच्या पात्यांवरचं मीठ ओल्या फडक्याने पुसा. वीज बंद करून, हे सांगायला नको.

पाचवी पायरी: उडालेलं पाणी परत भरणं

एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं की सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. म्हणजे दिवसाला एक लिटर उडालं तर २८ वॅटचं उपकरण सतत बंद ठेवल्यासारखं. हिशोब उलटाही लावता येतो: उपकरणांच्या वॅटची बेरीज १०० आली, तर नुसती तेवढी उष्णता काढायला दिवसाला साडेतीन लिटर पाणी उडावं लागेल. त्यामुळे पंखा लावल्यावर पाणी फार कमी होतं म्हणून घाबरू नका. पाणी कमी होत नसेल तरच पंखा फुकट फिरतो आहे असं समजा.

उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. २०० लिटरमधून ४ लिटर गेले की खारटपणा (हजार भागांत मिठाचे किती भाग) ३५ वरून ३५.७ होतो, भर न घालता दोन दिवस गेले की ३६.५ च्या आसपास. म्हणून भर नेहमी आरओ-डीआय (क्षार पूर्ण काढलेल्या) पाण्याची, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) शून्य असलेली. खाऱ्या पाण्याची कधीच नाही. हाताने भरणार असाल तर सकाळ-संध्याकाळ, संपवर चिकटपट्टीने केलेल्या खुणेपर्यंत. ऑटो टॉप-ऑफ (पातळी उतरली की साठवणीतलं पाणी आपोआप भरणारं उपकरण) लावणं केव्हाही शहाणपणाचं.

ऑटो टॉप-ऑफची टाकी किती मोठी? दिवसाच्या खर्चाच्या तिप्पट पुरे. फार मोठी ठेवू नका. फ्लोट (पाण्याची पातळी ओळखणारा तरंगता स्विच) गोगलगायीने किंवा मिठाने अडकला तर पंप ती पूर्ण टाकी संपमध्ये ओततो. दिवसाला ४ लिटर खर्च आणि १२ लिटरची साठवण असेल तर २०० लिटरच्या टाकीचा खारटपणा ३३ च्या आसपास जातो, बरेचसे प्राणी तरतात. ६० लिटरची साठवण असेल तर तरत नाहीत.

एक सापळा खास उन्हाळ्यातला आहे. ऑटो टॉप-ऑफच्या पाण्यात काल्कवासर (कोरलला कॅल्शियम मिळावं म्हणून वापरायची चुन्याची निवळी) घालणाऱ्यांनी पंखा लावण्याआधी थांबून विचार करावा. पाणी दुप्पट उडायला लागलं की काल्कवासरही दुप्पट पडतं, तेही पीएच एरवीच कमी-जास्त होत असताना. पीएच ८.५ च्या पुढे जातो, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता) चढते, हीटरवर आणि पंपांवर पांढरा थर बसतो. पंखे सुरू असेपर्यंत भर साध्या आरओ-डीआय पाण्याची घाला आणि काल्कवासर वेगळ्या डोसिंग पंपाने, ठरलेल्या मात्रेने द्या.

सहावी पायरी: चिलर

चिलर घेताना "इतक्या लिटरसाठी" या लेबलावर विसंबू नका. खरी गरज मोजा. सर्वांत तापलेल्या वेळी पंखे बंद करा, बाकी सगळं चालू ठेवा आणि एका तासात पाणी किती चढतं ते बघा. पाणी २७ च्या आसपास असतानाच ही चाचणी करा आणि २८.५ ला थांबवा. मग हा गुणाकार:

टाकी आणि संप मिळून लिटर × तासाला चढलेले अंश × १.१४ = वॅट

२५० लिटर पाणी तासात ०.६ अंश चढलं, तर १७१ वॅट. चिलरची थंड करण्याची क्षमता याच्या दुप्पट, म्हणजे ३४० वॅटच्या आसपास हवी, म्हणजे तो निम्मा वेळ चालेल आणि एखाद्या जास्त तापलेल्या दिवशी हाताशी ताकद उरेल. इथे एक घोळ होतो: खोक्यावर विजेचे वॅट ठळक असतात, थंड करण्याची क्षमता आतल्या तक्त्यात. हिशोब दुसऱ्या आकड्याने करायचा.

चिलर उष्णता नाहीशी करत नाही, पाण्यातून काढून खोलीत टाकतो, आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता वर घालतो. कपाटात कोंडलेला चिलर स्वतःचीच गरम हवा परत ओढतो, तासन्‌तास चालतो आणि पाणी तिथल्या तिथे. हवा बाहेर फेकणाऱ्या बाजूला निदान ३० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. जमलं तर चिलर शेजारच्या खोलीत किंवा बाहेरच्या सावलीत ठेवा. पाणी मेकॅनिकल फिल्टरमधून (कचरा गाळणाऱ्या फिल्टरमधून) गेल्यानंतरच त्यात सोडा आणि प्रवाह पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत ठेवा. दर दोन आठवड्यांनी चिलरच्या जाळीवरची धूळ झटका. "चिलर जुना झाला, आता गार करत नाही" या तक्रारीमागे बरेचदा फक्त ही धूळ असते.

खोलीत एसी असेल तर छोट्या टाकीला चिलरपेक्षा तोच सोयीचा. एसी हवेतला दमटपणाही काढतो, त्यामुळे एसी २७-२८ वर ठेवून टाकीवर पंखा सोडला तर दोघांचं मिळून काम फार चांगलं होतं. पेल्टियर चिलर (काँप्रेसर नसलेला, छोट्या विद्युत चकतीने गार करणारा) मात्र ४०-५० लिटरच्या वरच्या टाकीसाठी घेऊ नका.

पाणी ३० वर गेलं तर

या क्रमाने: दिवे बंद. हीटरचा प्लग काढा. वेव्हमेकरचं तोंड वर करून पृष्ठभाग खळबळवा, एअर पंप असेल तर सोडा. त्या दिवशी खाणं बंद. मग बर्फ.

बर्फ थेट पाण्यात टाकायचा नाही. खारटपणा उतरतो आणि नळाच्या पाण्याचा असेल तर टाकीत क्लोरीन जातं. एक लिटरच्या बाटल्या आरओ पाण्याने दहावा भाग रिकामा ठेवून भरा (गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं), घट्ट झाकण लावा आणि उन्हाळाभर निदान चार बाटल्या फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेरून धुऊन संपमध्ये सोडा. अशी एक बाटली २०० लिटरला जवळपास अर्धा अंश उतरवते. म्हणून एका वेळी एक-दोनच, आणि तासाला एक अंशापेक्षा जास्त उतरवू नका. बाटली संपमधली पाण्याची पातळी वर उचलते, तेव्हा ऑटो टॉप-ऑफ तोपर्यंत बंद ठेवा आणि वीज गेल्यावर वरून उतरणाऱ्या पाण्याला संपमध्ये जागा उरते ना, ते बघा.

वीज गेली असेल तर धोका उष्णतेपेक्षा ऑक्सिजनचा मोठा. बॅटरीवर चालणारा एअर पंप आधी, बाटल्या नंतर. यूपीएसवर चिलर नाही, एक वेव्हमेकर जोडा. तो कमी विजेत बराच वेळ पृष्ठभाग हलता ठेवतो.

कोरल पांढरं पडलं तर

पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे. भिंगातून बघा. सांगाड्यावर पारदर्शक, ओलसर कातडीसारखा थर आणि बारीक पॉलिप (कोरलचे फुलासारखे छोटे जीव) दिसत असतील तर ते जिवंत आहे, फक्त उपाशी आहे. त्याला जागेवरून हलवू नका. दिव्याची तीव्रता निम्मी करा किंवा वर जाळीचा तुकडा ठेवून सावली करा. आठवड्यातून दोनदा-तीनदा, रात्री, बारीक प्लँक्टनचं खाणं थोडं थोडं पिपेटने द्या. रंग परत यायला आठवडे, कधी महिने लागतात. थर सोलून लोंबत असेल आणि सांगाडा उघडा पडत असेल तर तो भाग मेला. सोलण्याच्या रेषेपासून सेंटिमीटरभर आत, निरोगी भागात कापा आणि उरलेला तुकडा वेगळा लावा. उघड्या सांगाड्यावर काही दिवसांतच तपकिरी-हिरवं शेवाळ चढतं. ते दिसायच्या आत कापलेलं बरं.